रबरवाल्यांचा निवाडा

भरे गावात आमच्या घरी मोबाईलची रेंज धड मिळते ती फक्त गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर. शिडी लावायची, वर चढायचं, पिरंगुटाकडं तोंड करायचं आणि हलायचं नाही. खाली पडवीत कधी चुकून आलीच, तर इतकी नाजूक की म्हशीनं शेपूट हलवलं की गेली. एकदा आमच्या हिनं भाकरी जरा जोरात थापली, तर रेंज जी बिथरून पळाली ती पौडच्या बाजारात सापडली. भाजीवालीच्या तराजूखाली अंग चोरून बसली होती. मी स्वतः जाऊन आणली. गावात कुणी न पटणारं काही सांगितलं की लोक विचारतात, "हैबतरावाकडनं आलास का?" विचारू देत. आता जे सांगणार आहे त्यात मला फारशी भर घालावी लागली नाही, कारण भर घालणारी दुसरीच कुणी होती.

आमच्या पडवीत दुपारी रबर येतं. पिरंगुटच्या किराणावाल्या नबीलालची सून समीना स्कूटरवर पोतं घालून आणते. त्यात गाडीच्या कुठल्याशा भागात बसणारे रबरी वायसर असतात. साच्यातून निघताना वायसरच्या कडेला जादा रबराची पातळ झालर राहते, ती वाकड्या कात्रीनं कापायची. झालर राहिली तर माल परत, वायसरलाच कात्री लागली तर माल बाद. त्यामुळं बायकांचे हात कात्रीत आणि डोळे हातावर. आमची रंभाबाई, माझ्या पुतण्याची बायको शारदा, शेजारच्या दोघी आणि स्वतः समीना असा गोल बसतो. पुतण्या जाऊन बरीच वर्षं झाली. शारदेनं एकटीनं मनीषला वाढवला, शिकवला. मी त्या गोलाच्या बाहेर खाटेवर असतो, रिकाम्या हातानं.

समीनाची पोरगी जस्मीन कॉलेजातून आली की आईला मदत करायच्या नावाखाली कानात बोंडं घालून मोबाईलवर कॉलेजात उतरवून आणलेलं काहीबाही बघत बसायची आणि मधेच फिसकन हसायची. एक दिवस रंभाबाईनं तिचं एक बोंड उपटलं.

"एकटीच काय हसतीस? आमाला पण सांग की."

"काकी, थायलंडची सिरीयल हाय. तुमाला न्हाई कळायची."

"तुला कळती ती आमाला का न्हाई कळायची? कुणाची हाय?"

"दोन पोरांची." जस्मीननं आईकडं बघितलं. "एकमेकांवर प्रेम असतं त्यांचं."

समीनाची कात्री थांबली. शेजारच्या दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. रंभाबाईनं मोबाईल हातात घेऊन लांब धरला, जवळ आणला, बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "ह्यो पोरगा त्याला वाढतोय न्हवं?"

"व्हय."

"स्वतः जेवला न्हाई अजून?"

"न्हाई."

"मग लाव. हितं एवढ्या वर्षांत मला कुणी वाढलं न्हाई, निदान बघू तरी दे." हे म्हणताना तिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हशीकडं बघितलं.

अशी सुरुवात झाली. बोलणं थाय भाषेतलं, खाली पट्टीवर इंग्रजी, आणि बायकांचे डोळे कात्रीवर. म्हणून श्रावणात पोथी लावतात तसं सुरू झालं. जस्मीननं पट्टी वाचून मराठीत सांगायचं, बाकीच्यांनी हात चालू ठेवून ऐकायचं. आणि आमच्याकडं सांगणाऱ्यासमोर हूं म्हणणारं माणूस लागतं. एक वाक्य आलं की हूं, मग पुढचं वाक्य. हूं थांबला की गोष्ट थांबली. हे काम रंभाबाईनं घेतलं, पण तिचा हूं भांडखोर. मधेच म्हणायची, "ही इंजिनेरिंगची पोरं अभ्यास कधी करत्यात?" किंवा, "मागच्या सिरीयलीत पण छत्री एकच व्हती. त्या देशात दुसरी छत्री मिळत न्हाई का?" पोरं एकमेकांच्या जवळ येऊन चुंबन वगैरे करायला लागली की जस्मीन म्हणायची, "आता वाचायला काही न्हाई." की लगेच सगळ्यांचे डोळे कात्रीवरून पडद्यावर. त्या दिवशी माल जास्त बाद व्हायचा.

भाग संपला की निवाडा. दर वेळी एकीची पाळी. तिनं सांगायचं कोण चुकलं, कोण बरोबर, आणि पाचपैकी किती वायसर. समीना ते मोबाईलमध्ये बोलून भरायची आणि पिरंगुटला गेली की 'रबरवाल्यांचा निवाडा' या नावानं टाकायची. नुसता आवाज, चेहरा नाही, मागं कात्र्यांची कचकच. मला वाटलं होतं, नबीलालचं गिऱ्हाईक ऐकेल फार तर. पण ऐकणारे वाढतच गेले. साताऱ्याच्या, नागपूरच्या, दुबईच्या बाया विचारायच्या, रंभाकाकींचं छत्रीबद्दल काय मत आहे? एकीनं तर खुद्द थायलंडातून विचारलं. तिथल्या छत्रीवाल्यांनी त्यानंतर भाव वाढवले म्हणतात.

आता शारदेचं सांगतो, कारण गोष्ट तिची आहे.

शारदेचा हूं आमच्या आळीत नावाजलेला. माझ्या कितीतरी थापा तिच्या हूंवर तरल्यात. मनीष शाळेतून आला की दप्तर पाठीवर तसंच ठेवून सांगत सुटायचा आणि ही चुलीपाशी हूं, हूं करत त्याला पुढं पुढं नेत राहायची. गेल्या दिवाळीत मनीष घरी आला नाही. शारदेनं टाकीवर चढून फोन लावला. शिडी मी धरली होती आणि तिच्या फोनचा आवाज मोठा, त्यामुळं मला ऐकायचं नव्हतं तरी ऐकू आलं. ऐकायचं होतंच, पण असो. तो म्हणाला, "आई, मी मुलीशी लग्न नाही करणार. पुण्यात वाकडला ज्याच्यासोबत राहतो, तोच माझा जोडीदार आहे. तुला आता तरी सांगायलाच हवं होतं." शारदा फोन बंद करून खाली उतरली, नि त्यानंतर टाकीकडं तिनं वर मान करून पाहिलं नाही. बाजाराला पिरंगुटला गेली की तिच्या पिशवीत फोन वाजत राहायचा आणि ती कोथिंबीर निवडत राहायची. पडवीत यायची, झालर कापायची, जायची. हूं मात्र बंद. माझ्यासाठी नाही, जस्मीनसाठी नाही, कुणासाठीच नाही.

अशात ती होडीवाली मालिका लागली, 'खाडीपलीकडचा दिवा'. ख्राम नावाचा पोरगा होडी चालवतो. तावन नावाचा दुसरा, त्याच्या आईचा बर्फाचा कारखाना. रंभाबाई ख्रामला पहिल्या दिवसापासून खेमा म्हणायची. खेमा बोलका, तावन मुका. एका भागात तावन घरी येतो, आई मान खाली घालून पपई कापत असते, आणि जस्मीन वाचू लागली:

"तावन म्हणतो, आई, मी तुझ्यापासनं लपवत होतो असं न्हाई. मला वाटायचं तुला कळलं असंल. लहानपणी मला ताप यायचा तवा मी न सांगताच तू कपाळाला हात लावायचीस. तसंच ह्ये पण कळंल असं वाटायचं."

पडवीत कात्र्या मंदावल्या. आणि शारदा, मान वर न करता, म्हणाली, "हूं."

रंभाबाईनं माझ्याकडं बघितलं. मी पडद्याकडं बघत होतो. बाकीच्यांचे डोळे हातावर, माझे हात रिकामे, म्हणून जे मला दिसलं ते कुणाला दिसलं नाही. त्या तावनचे ओठ शर्टाचं एक बटण लावावं इतकेच हलले होते. आणि जस्मीन अर्धा अध्याय वाचून मोकळी झाली होती. सत्तर वर्षं थापा मारणाऱ्याला दुसऱ्याच्या थापेचा वास येतो. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, गावात माझ्यानंतर कुणी तरी होतं!

संध्याकाळी समीना पोती बांधत असताना मी जस्मीनला स्कूटरपाशी गाठलं.

"पोरी, त्या तावननं तोंड उघडलं तेवढ्यात माशीसुद्धा आत गेली नसती. एवढं लांबलचक कुठनं आणलंस?"

"इंग्रजी आखूड असतं, आबा. मराठीत लांब व्हतं."

"मला शिकवू नगं. मी लवासाला पहारेकरी असताना एका साहेबानं मला इंग्रजीत लबाड म्हटलं व्हतं. चांगलं पाऊण तास म्हटलं व्हतं."

ती हसली आणि मग तिचे डोळे भरले. "आबा, मनीषदादाचं हाय ते. दहावीला मला इंग्रजी त्यानंच शिकवलं. तो मला म्हटला, आई फोन उचलत न्हाई, तू सांगशील का? मी म्हटलं, माझी न्हाई हिंमत. मग आज त्या तावनची आई खाली मान घालून कापत व्हती, शारदाकाकी पण खाली मान घालून कापत व्हत्या. तोंडातनं निघून गेलं."

"आन खरा तावन काय म्हटला?"

"पपई नको म्हटला."

मी खूप वेळ हसलो. मग म्हटलं, "सांगतीस बरं. पण थाप मारताना शेवटाला आवाज खाली नेतीस, तिथं घावशील. शेवट नेहमी वर न्यायचा, आन लगेच पाणी मागायचं."

त्यानंतर दर भागात तावनच्या तोंडून मनीष थोडाथोडा येत गेला. खोलीत दोघं आळीपाळीनं स्वयंपाक करतात. ख्रामला भाकरी जमत नाही, म्हणजे वाचताना जस्मीन 'भात' म्हणायची. आजारपणात त्यानं ऑफिसला रजा टाकून रात्र उशाशी बसून काढली. शारदा प्रत्येकाला हूं म्हणायची. कधी वाक्य संपायच्या आधीच. तिच्या वायसरच्या ढिगात आता एकही बाद निघत नव्हता, ह्याची नोंद समीनानं घेतली, कारण समीना मालाकडं बघायची.

पण समीना निवाडाही टाकायची. आणि तिनं टाकला: "मंडळी, तावननं आईला ज्या शब्दांत सांगितलं ते ऐकून आमच्या पडवीत कात्र्या थांबल्या. एवढा धीट पोरगा कुठल्या सिरीयलीत झाला न्हाई. पाचपैकी पाच वायसर."

त्याखाली पुण्याच्या एका इंद्रजितनं लिहिलं, "ताई, मी प्रत्येक भाग तीनदा बघतो. तावन आईला काहीही सांगत नाही. तो पूर्ण मालिकेत भेकड आहे आणि तेच तिचं दुखणं आहे. तुम्ही कुठलं भाषांतर बघताय?"

समीनानं लिहिलं, "तुमी डोळे धुवून चौथ्यांदा बघा."

मग काय विचारता! सातारा एकीकडं, नागपूर दुसरीकडं. अर्धे म्हणाले कितव्या मिनिटाला ते सांगा, अर्धे म्हणाले रबरवाल्या खोटं बोलणार नाहीत, हातात काम असणाऱ्या बायका आहेत. शेवटी इंद्रजितनं लिहिलं, शेवटचा भाग मी तुमच्याकडं येऊन, तुमच्यासोबत, माझ्या मोठ्या लॅपटॉपवर बघतो. समीनानं उत्तर दिलं, "रविवारी दुपारी या. चहा हाय."

जस्मीनच्या तोंडचं पाणी पळालं. माझ्या खाटेपाशी येऊन ती हळू म्हणाली, "आबा, मी वाचत असताना तो शेजारी बसणार. सगळं समजणार. अम्मीची लाज जाईल. आन शारदाकाकी..." मला कळलं. ज्या तावनला शारदा इतके आठवडे हूं म्हणत आली, तो तावन नव्हताच असं चव्हाट्यावर निघालं, तर तो हूं परत बंद होणार, आणि या वेळी कायमचा. मनीषचा फोन पिशवीतच वाजत राहणार.

तो आठवडा आमच्या घरात कुणी एका जागी बसलं नाही. आदल्या भागाच्या शेवटी तावन पावसात आईच्या फाटकाशी येऊन उभा होता, आणि तिथंच तोडला होता. शारदा झाडायला घ्यायची, अर्ध्यात ठेवून धुणं घ्यायची, तेही अर्ध्यात ठेवून आमच्याकडं यायची. "मामंजी, तुमाला काय वाटतं, आई दार उघडंल?" मी म्हटलं उघडंल. मग रंभाबाईला विचारायची. मग म्हशीला विचारल्यासारखी गोठ्याकडं बघत उभी राहायची. मलाही खाटेवर पाठ टेकवेना. मी माझ्या जुन्या गोष्टी आठवून बघितल्या, एकही कामाची निघेना. सगळ्या म्हशींच्या आणि बिबट्यांच्या.

तरी रविवारी मी प्रयत्न केला. गावाच्या वळणावर जाऊन बसलो. दुपारी एक उंच, सडपातळ, पाठीला लॅपटॉप लावलेला पोरगा मोटारसायकलवर आला.

"आजोबा, रबरवाल्या कुठं राहतात?"

"रबरवाल्या? त्यांचा कारेक्रम आज लवासाला हलवला. तळ्याकाठी. लई मोठा मांडव घातलाय, थायलंडचा वकील येणार हाय. परत पिरंगुटला जा आन तितनं डावीकडं. वाटंत बिबट्या दिसला तर थांबू नगा, पेट्रोल मागतो."

बिबट्याचं सांगायला नको होतं. तिथं माझी जित्याची खोड नडली. पोरगा माझ्याकडं जरा वेळ बघत राहिला, पण गेला.

इकडं पडवीत सगळ्या बसल्या. समीनानं नवी साडी नेसली होती. कात्र्या नुसत्या उचलायच्या आणि ठेवायच्या.

"लाव की गं, समीना," शारदा म्हणाली. "किती वाट बघायची?"

"शब्द दिलाय मी त्याला, शारदाताई."

"तू बघितलास का गं शेवट?" शारदेनं जस्मीनला विचारलं. "आई उघडती ना दार?"

"न्हाई बघितला," जस्मीन म्हणाली आणि आवाज खाली गेला. तिनं बघितला होता. किती सांगितलं होतं मी, शेवट वर न्यायचा म्हणून.

एवढ्यात नबीलाल त्याची फटफटी घेऊन दारात, आणि मागं इंद्रजित. पोरगा पाणी प्यायला त्याच्याच दुकानात थांबला होता आणि बिबट्याचं बोलला होता. नबीलालनं बिबट्या ऐकल्याबरोबर ओळखलं आणि पत्ता दाखवायला स्वतः आला.

"हेच ते आजोबा!" इंद्रजित म्हणाला.

"बस बाबा," रंभाबाई म्हणाली. "त्यांच्याकडं ध्यान देऊ नगं. मी लगीन झाल्यापासनं देत न्हाई. घरी सांगून आलास का, कुठं चाललास ते?"

"घरी ट्रेकला जातो म्हणून सांगितलंय."

"म्हंजी तू पण भेकडच की," रंभाबाई म्हणाली. पोरगा कानापर्यंत लाल झाला.

लॅपटॉप लावला. जस्मीन वाचू लागली. होडीचं, खाडीचं, ख्रामचं ठीक गेलं. इंद्रजित मान डोलावत होता, समीनाची छाती फुगत होती. मग फाटक आलं. पाऊस. तावन भिजतोय. आत खिडकीत उजेड. आई दारामागं येऊन उभी, हात कडीवर. शारदेनं कात्री मांडीवर ठेवली आणि चक्क पडद्याकडं बघितलं.

जस्मीन वाचू लागली, "आई आतनं म्हणती, थांब रे बाळा, कडी अडकलीय, आले मी..."

"असं नाहीये," इंद्रजित म्हणाला.

हळूच म्हणाला, पण पडवीत सगळ्यांना ऐकू गेलं. त्यानं लॅपटॉप थांबवला.

"ती काही बोलतच नाही. खाली फक्त 'पावसाचा आवाज' असं लिहिलंय." मग जस्मीनचं तोंड बघून तो अडखळला, पण तोंडातून निघालंच. "त्या पपईच्या भागातही... तो 'पपई नको' एवढंच म्हणाला होता."

"जस्मीन?" समीना म्हणाली.

जस्मीन खाली पडलेली झालर गोळा करायला लागली.

"म्हणजे एवढे दिवस मी काय सांगत व्हते लोकांना? साताऱ्याच्या बायकांशी भांडले मी! जस्मीन, बोल की!"

आता कुणी तरी उठायला हवं होतं. मी उठलो. "तिला मी शिकवलं व्हतं तसं वाचायला," मी म्हटलं. "त्याचं असं झालं, की मी लवासाला असताना थायलंडचे एक गृहस्थ..."

"मामंजी, तुमी गप ऱ्हावा," शारदा म्हणाली.

ती जस्मीनकडं वळली. आवाजात राग नव्हता, पण मऊपणाही नव्हता. "तापाचं फकस्त एकालाच ठावं हाय. कपाळाला हात लावायचं. मला काय पहिल्याच दिवशी कळलं न्हाई व्हय? म्हणून तर हूं म्हटलं."

जस्मीननं वर बघितलं. मी खाटेवर बसलो. एवढी मोठी थाप पडवीत चालली होती आणि जिला फसवत होतो तीच, पोरगी घाबरू नये म्हणून, हूं भरत होती.

"ज्या दिवशी कळलं म्हणून सांगितलं असतं, त्या दिवशी तू वाचायचं बंद केलं असतंस," शारदा म्हणाली. "पोराचं सांगितलंस, ते मी ऐकलं. ते त्यानं तुला सांगितलं व्हतं. पण आईचं तुला कुणी सांगितलं? आई काय करती ते तुला काय ठावं?" मग इंद्रजितला म्हणाली, "लाव रे. आता तू वाच. जे लिवलंय तेच वाच."

इंद्रजितनं लावलं. वाचायला फार नव्हतंच. आई कडीवर हात ठेवून उभी राहते. बाहेर तावन म्हणतो, "आई, मी निघतो." ती हात काढून घेते. खिडकीतला दिवा मालवतो. तो खाडीकडं चालू लागतो, होडीत ख्राम बसलेला असतो, दोघं पलीकडं जातात. किनाऱ्यावर घर अंधारात. संपलं.

इंद्रजित प्रत्येक वाक्यानंतर थांबायचा, आणि कुणीच हूं म्हणत नव्हतं, त्यामुळं त्याला पुढं जावं की नाही कळायचं नाही.

"आता माझ्या निवाड्यांचं काय करू?" समीना शेवटी म्हणाली. "सगळे खोटे निघाले."

"निवाडे कशाला खोटे?" रंभाबाई म्हणाली. "आमी दिले ते खरेच व्हते. खटला तेवढा निराळा व्हता. आज पाळी कुणाची हाय?"

पाळी शारदेची होती. समीनानं मोबाईल पुढं केला खरा, पण लगेच मागं घ्यायला लागली. शारदेनं तिचा हात धरून तसाच ठेवला.

"ह्या बाईचा हात कडीवर व्हता," ती मोबाईलला म्हणाली. "मी बघितला. हात व्हता की कडीवर! मग काढलास कशाला गं बाई? कुणी धरला व्हता तुझा हात? आत काय सोनं पुरलं व्हतं? पोरगं पावसात उभं, हाक मारतंय, आन ही..." ती थांबली. इंद्रजित तोंडाला पालथा हात लावून बसला होता. "हिला किती वायसर द्यायचे, ते मला इचारू नगा," शारदा म्हणाली आणि उठली.

मांडीवरचे वायसर पडवीभर घरंगळले. ती सरळ जिन्यानं गच्चीवर गेली. मी मागं धावलो, कारण शिडी धरायला माणूस लागतं. माझ्यामागं सगळा गोल, नबीलाल आणि तो पुण्याचा पोरगा.

शारदा टाकीवर चढून उभी राहिली, आणि फोन लागल्याबरोबर ओरडली, "मन्या! लोकाच्या पोरीच्या तोंडनं काय निरोप धाडतोस रे? तुला तोंड न्हाई व्हय? दिलंय न्हवं मी?... आँ?... काय?"

"पिरंगुटाकडं तोंड कर!" मी खालून ओरडलो.

ती वळली. वारा सुटला होता, तिचा पदर टाकीच्या कडेवर फडफडत होता. या वेळी तिच्या फोनचा आवाज मोठा असून मनीषचा एक शब्दही मला ऐकू येईना. नेमकं तेव्हाच खाली म्हशीनं शेपूट हलवलं असणार.

"काय म्हणतीया?" रंभाबाईनं मला विचारलं. गच्चीच्या दारात सगळे एकमेकांच्या खांद्यावरून बघत उभे होते, आणि सगळे माझ्याकडं बघत होते, कारण शिडीपाशी मीच होतो.

वरून आवाज आला. हळू, पण स्वच्छ. "हूं."

"हूं म्हणतीया," मी सांगितलं.

"मग?"

मी कान दिला. "मग परत हूं."

"खरं सांगा की, हो!" रंभाबाई चिडली. "एवढ्या वेळात नुसतं हूं?"

"नुसतं हूं."

माझ्यावर कुणाचा विश्वास बसेना. नबीलालनं तर कपाळाला हात लावला. शेवटी जस्मीननं चपला काढल्या, माझ्या हातावरून शिडीच्या दोन पायऱ्या चढली, मान वर करून ऐकत राहिली, आणि उतरून म्हणाली, "आबा खरं सांगत्यात."